लेबलावर काय लिहायचे?



घरबसल्या करता येण्याजोग्या कामांविषयी या सदरात लिहिले की भगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो. "घरी शिलाई मशीन आहे, शिवणही येते, पण तयार कपडे स्वस्त झाल्यापासून गिऱ्हाईक कमी झाले. आता काय शिवावे?" आम्ही प्रत्येक वेळी सांगतो, पिशव्या शिवा. खणाचा बटवा, इरकलीची पर्स, सोलापुरी चादरीची झोळी, घोंगडीचे पाकीट. आमच्या होटगीतल्या गल्लीत पाच बायका तीन वर्षांपासून हेच करतात. त्या शिवतात आणि आम्ही शाळा सुटल्यावर त्यांचा हिशोब लिहितो. लेबलेही आम्हीच लिहितो, कारण शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो म्हणून हे काम आपसूक आमच्याकडे आले. या वेळी त्या पिशव्यांविषयी आणि त्या लेबलांपायी आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहायचे आहे.

आधी कापडाविषयी, कारण पिशवीची किंमत कापडावर ठरते.

होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. बाहेरच्यांना ते रेल्वेचे जंक्शन म्हणून ठाऊक असते. इथून एक फाटा वाडीकडे जातो आणि दुसरा विजयपूर, बागलकोट, बदामीवरून गदगला. गदगकडची गाडी पूर्वी छोट्या रुळांची होती. याच मार्गावर बागलकोटच्या पुढे, बदामीच्या अलीकडे 'गुळेदगुड्ड रोड' नावाचे स्टेशन लागते. आपल्या आया-आज्या ज्याची चोळी शिवायच्या, तो खण त्या गुळेदगुड्डचा. इरकल साडीचे गाव इळकल हेही बागलकोट जिल्ह्यातच आहे. म्हणजे खण आणि इरकल ही दोन्ही कापडे जिथली, तो मुलूख आमच्याच रुळांच्या वाटेवर आहे. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा बोलणाऱ्या या पट्ट्यात ही कापडे कधी एका जमातीची राहिली नाहीत. खणाने हिंदू घरात ओटी भरतात, आमच्या घरात त्याची चोळी झाली. आमची दादी आयुष्यभर इरकलच नेसली.

खणाची ओळख म्हणजे त्याच्या बारीक बुट्ट्या. त्या छापलेल्या नसतात, विणतानाच उठवलेल्या असतात. दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाचा काठ असतो. जुन्या पद्धतीच्या खणात सूत आणि रेशीम असायचे. इरकलीची खूण तिच्या पदरात आहे. लाल पदर, त्यावर पांढऱ्या रंगात कळसासारखी टोके. हा पदर साडीच्या अंगाबरोबर सलग विणलेला नसतो. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा मागावर एकमेकांत अडकवून जोडतात. जुन्या इरकलीत अंग सुताचे आणि पदर रेशमाचा, म्हणून अंग विरले तरी पदर टिकतो. पिशवीसाठी हे फार सोयीचे आहे.

सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत आहे. शहरात 1870 च्या दशकात पहिली कापड गिरणी निघाली, तिलाच लोक पुढे जुनी मिल म्हणू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे माग थाटले. त्यांच्याबरोबरीने इतर जातीजमातींचे, त्यात आपल्या समाजाचेही, कितीतरी हात या धंद्यात आले. चादरीवरचे मोर आणि चौकटी जॅकार्डवर उमटतात. फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाने 1804 मध्ये ती युक्ती काढली. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची, म्हणजे कोणता ताणा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा ते पुठ्ठाच ठरवतो. या चादरीला भौगोलिक मानांकनही आहे, म्हणजे 'सोलापुरी' हे नाव लावण्याचा हक्क इथल्या मालाचाच.

घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. धनगर लोकर कातरतात, सणगर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. तिची पिशवी जाड होते, पण वर्षानुवर्षे टिकते.

आणखी दोन कापडांची नावे आमच्या वर्गातल्या मुलांना ऐकायला आवडतात, म्हणून इथेही सांगतो. पहिले मशरू. त्यात 'शरा' हा शब्द आहे, अर्थ परवानगी असलेले. पुरुषांनी रेशीम अंगाला लावू नये, म्हणून विणकरांनी रेशीम वर आणि सूत आत राहील अशी वीण काढली. कापड रेशमासारखे चमकते, पण कातडीला सूतच लागते. दुसरे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरू. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा तिच्याबरोबर विणकर आले आणि त्यांच्यापासून हे कापड सुरू झाले, असे तिथे सांगतात. त्यात ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा. आज हिमरूच्या शाली मिळतात, तसे बटवे आणि पर्सही मिळतात.

आता आमच्या चुकीकडे येतो.

गेल्या वर्षी लग्नाच्या हंगामात पुण्याच्या एका ताईंनी साठ बटव्यांची मागणी दिली. लग्नातल्या बायकांना परतीची भेट म्हणून द्यायचे होते. आमच्या गल्लीला एवढी मोठी मागणी पहिल्यांदाच मिळाली होती. शिवणाऱ्या पाच जणींपैकी धाकट्या भाभीच्या मुलाची आयटीआयची फी भरायची होती आणि तिची सगळी आशा या साठ बटव्यांवर होती. सोलापुरातल्या एका दुकानातून आम्ही खणाचे कापड आणले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, अस्सल माल आहे." आम्ही 'अस्सल' म्हणजे काय, असे विचारले नाही. भाव आमच्या हिशोबात बसत होता आणि रंग सुरेख होते.

घरी येऊन आम्ही लेबलाचा मजकूर तयार केला. "गुळेदगुड्डच्या हातमागावर विणलेला अस्सल खण. होटगीच्या भगिनींनी शिवलेला." वाचायला छान वाटले. वळणदार अक्षरात लिहून तो मजकूर छापून आणला. खरे सांगायचे तर तो मजकूर कापडाकडे पाहून लिहिलेला नव्हता. कागदावर शोभेल ते आम्ही लिहिले होते.

पंचेचाळीस बटवे शिवून झाले होते. एका संध्याकाळी खाला चहा घेऊन आली, तिच्याबरोबर खालूही आले. खालूंनी उभी हयात चादरीच्या कारखान्यात काढली आहे. त्यांनी एक बटवा हातात घेतला, उलटा केला, शिवणीतून सुटलेला एक दोरा ओढला आणि आम्हाला विचारले, "माग देखे क्या तुमे?"

आम्ही म्हणालो, "नाही, दुकानातून आणलंय. दुकानदार अस्सल म्हणाला."

खालूंनी काडी ओढली आणि दोरा ज्योतीला लावला. दोरा पेटला नाही, आक्रसला. टोकाला काळा, टणक मणी झाला. खालू म्हणाले, "ये तो प्लास्टिक है. और ये तो सिर्फ सूत की बात हुई. जलाके सूत समझता, माग नै समझता. माग कां है वो जाके देखना पडता."

आम्ही गप्प बसलो. लेबल आम्ही लिहिले होते. त्यातला एकही शब्द खरा असल्याची खात्री आम्हाला नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. यंत्रमागाचे कापड वाईट नाही आणि ते विकणे गैरही नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी आणि खुद्द सोलापूर या शहरांतल्या हजारो घरांची चूल यंत्रमागावर पेटते, त्यांत आपल्या समाजाची घरे पुष्कळ आहेत. पॉलिस्टरही वाईट नाही. धुवायला सोपे, लवकर विटत नाही, स्वस्त पडते. गैर होते ते आमचे लेबल. पॉलिस्टरला आम्ही हातमागाचा खण म्हटले होते आणि त्या शब्दाचे पैसे घेणार होतो.

सोलापूरच्या माणसाला तर हे कळायलाच हवे. बाहेरगावच्या कारखान्यांतल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून फुटपाथवर विकल्या जातात, याची तक्रार आपल्याकडे रोज ऐकू येते. खालूंचीही तीच तक्रार असते. आमचे नाव वापरतात, आमचा भाव पाडतात, आमच्या मागाला काम राहत नाही. आणि आम्ही होटगीत बसून गुळेदगुड्डच्या विणकराशी नेमके तेच करत होतो. त्याच्या गावाचे नाव आम्ही त्याला न विचारता घेतले आणि त्या नावाखाली कुठल्याशा कारखान्याचा माल विकायला काढला.

गल्लीत बैठक बसली. लेबल बदलायचे की नाही यावर दोन तास बोलणे झाले. एकीने विचारले, "आपा, लेबल पढता कौन?" दुसरी म्हणाली, "दुकानदाराने फसवलं, आपण कुठे फसवतोय? आपल्याला तरी कुठे माहीत होतं?" या बोलण्यात तथ्य होते. पण ते कालपर्यंतचे. काडी ओढल्यानंतर आम्हाला माहीत झाले होते. धाकटी भाभी काहीच बोलली नाही, मान खाली घालून बटव्याची नाडी ओवत राहिली. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

धान्याच्या ढिगाची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. ही हदीस आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली असेल. त्या माणसाने धान्य मुद्दाम भिजवले नव्हते, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा आमच्या ध्यानात आले. पाऊस पडला, हा त्याचा दोष नव्हता. ओले आत आणि कोरडे वर ठेवले, एवढाच त्याचा दोष होता. आमच्यावरही पाऊस दुकानदाराच्या हातून पडला होता, पण ढीग आम्ही रचत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला फोन केला. सगळे सांगितले. कापड खणाच्या नमुन्याचे आहे, पण पॉलिस्टरचे आहे आणि हातमागाचे असल्याची खात्री नाही. लेबल चुकीचे छापले, ती चूक आमची. ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी पत्रिकेबरोबर सगळ्यांना हातमागाचे बटवे म्हणून कळवलंय हो." त्यांचाही दोष नव्हता. शेवटी त्यांनी वीस बटवे कमी भावात घेतले, तेही लेबल न लावता. बाकीची मागणी रद्द केली.

पंचवीस बटवे आमच्याकडे पडून राहिले. ते पुढे "खणाच्या नमुन्याचे, पॉलिस्टर" असे स्पष्ट सांगून निम्म्या भावात विकले, त्याला चार महिने लागले. भाभीच्या मुलाची फी आम्ही पाच-सहा घरांनी मिळून भरली, ते कर्ज म्हणून तिने वहीत लिहून घेतले आणि अजून फेडते आहे. दोन जणी आमच्याशी पंधरा दिवस नीट बोलल्या नाहीत. खरे बोलल्याचा फायदा झाला, असे लिहून हा लेख संपवता आला असता. पण त्या महिन्यात आमचे नुकसानच झाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र आम्ही ठरवून होटगीहून गाडी धरली. बरोबर खाला आणि धाकटी भाभी होत्या. भीमा ओलांडली, विजयपूरला खिडकीतून गोल घुमट दिसला, पुढे कृष्णेचे पात्र लागले. गुळेदगुड्डमध्ये एका घरात माग चालू होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला म्हातारा विणकर, पायाखाली पावड्या, हातात धोटा. एका बाजूने धोटा गेला की फणीचा ठोका, परत आला की पुन्हा ठोका. खोलीत एकच खिडकी होती आणि तिच्यातून येणारा उजेड बरोबर कापडावर पडत होता. खालाने मोडक्या कन्नडमध्ये विचारले, सकाळपासून किती झाले? त्याने हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत दाखवले आणि आणखी थोडे, असे बोटाने खुणावले. भाभी पुष्कळ वेळ नुसती बघत उभी होती. मग आम्हाला हळूच म्हणाली, "आपा, इसको तो हमारा लेबल दिखाना था."

कापडाचा भाव अर्थातच जास्त होता. आम्हाला परवडले तेवढेच घेतले.

तेव्हापासून आमच्याकडे दोन कप्पे आहेत. एका कप्प्यात माग पाहून आणलेले कापड, दुसऱ्यात दुकानातले. दोन्हीच्या पिशव्या शिवतो, दोन्ही विकतो. भाव वेगळा आणि लेबलही वेगळे.

आता ज्या भगिनींना हे काम सुरू करायचे आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या काही गोष्टी.

कापड घेताना सुटा दोरा मागून घ्या आणि घरी जाळून पाहा. सूत कागदासारखे जळते, मऊ करडी राख होते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. मिश्र दोऱ्यात या खुणाही मिसळतात, तेव्हा ताणा आणि बाणा वेगळे काढून जाळा. मुलांना जवळ घेऊन हे करू नका आणि वाटीत पाणी ठेवा.

माग ओळखायला घरात बसून पक्की परीक्षा नाही. हातमागाच्या कापडात ठोका कुठे घट्ट तर कुठे सैल पडतो, काठ एका रेषेत नसतो, असे म्हणतात आणि बहुतेकदा ते खरेही असते. पण नुसत्या नजरेवर विसंबू नये. कापड कुठून आले हे विचारावे, पावती मागावी, हातमागाची सरकारी खूण आहे का पाहावे. ही खूण 2006 पासून दिली जाते. उत्तर मिळाले नाही तर लेबलावर 'हातमाग' हा शब्द लिहू नये.

रंगाची परीक्षा शिवण्याआधी करा. पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कुर्त्यालाही लागणार. सुती कापड आधी भिजवून, वाळवून, मगच बेता. नाहीतर पहिल्या धुण्यात पिशवी आटते आणि अस्तर बाहेर डोकावते.

खणाची कड लवकर उसवते. म्हणून बेतल्याबरोबर मागून फ्युजिंग चिकटवा किंवा कडेला पायपिन लावा. बटव्याला पातळ अस्तर चालते, पण खांद्यावरच्या पिशवीला आतून कॅनव्हास हवाच. चादरीच्या पिशवीला 16 नंबरची सुई लावा, घोंगडीला 18 ची. बारीक सुई मोडते आणि मशीनचे वेळापत्रक बिघडवते. चादरीचे दोन थर जिथे येतात तिथे हाताने चाक फिरवून टाके घ्या. बंदाचा जोड चौकोन शिवून त्यात फुली मारा. पिशवी तयार झाली की तिच्यात पाच किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी बंद जागच्या जागी असेल तरच ती विका.

जुनी इरकल कापायची असेल तर ज्या घरची ती असेल त्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून कापा. साडी उजेडासमोर धरली की विरलेले भाग दिसतात, ते सोडून द्या. पदराची टोके पिशवीच्या दर्शनी भागात येतील असा बेत आखा. उरलेल्या चिंध्यांतून चष्म्याचे घर, पेनाचे पाकीट, जानमाज ठेवायची थैली असे कितीतरी होते. जुने कापड वापरले असेल तर 'जुन्या साडीपासून' असे लिहा. त्याने भाव पडत नाही, बहुधा वाढतो.

आणि हिशोब. आमच्या बायका कापड, अस्तर, चेन, रनर सगळे धरतात, पण स्वतःचे तास धरत नाहीत. समजा कापडाचे 90 रुपये, अस्तर आणि कॅनव्हास 40, चेन-दोरा 20, म्हणजे 150 झाले. 180 ला पिशवी विकली तर त्यांना 30 रुपये सुटले असे वाटते. पण ती शिवायला दोन तास गेले असतील तर तासाला 15 रुपयेच पडले. मजुरी आधी धरा, मग भाव सांगा. विणकराचे तास आणि शिवणारीचे तास हे दोन्ही ज्या भावात बसत नाहीत, तो भाव कुणाच्या तरी पोटातून निघालेला असतो.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. तिकडे मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात माया जमातीच्या बायका कमरेला बांधलेल्या मागावर आपले पारंपरिक कुर्ते विणतात. त्यांचे कापड कापून शिवलेल्या पिशव्या जगभर विकल्या जातात आणि त्यांची नक्कल यंत्रावर छापून आणखी स्वस्तात विकली जाते. आमचे नमुने वापरता तर आम्हाला विचारा, आमचा वाटा द्या, असे म्हणत तिथल्या विणकर बायका न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. आपल्याकडे 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिवस 2015 पासून पाळला जातो, कारण 1905 मध्ये त्याच तारखेला स्वदेशीची चळवळ सुरू झाली. त्या दिवशी आम्ही शाळेत मुलांना घरातले एक जुने कापड आणायला सांगतो आणि ते कुठले, कुणी आणले, कशाचे आहे हे घरी विचारून लिहायला लावतो. निम्म्या मुलांच्या वहीत लिहिलेले असते, "माहीत नाही." तेही आम्ही बरोबर धरतो, कारण माहीत नसताना लिहिणे किती महाग पडते ते आम्हाला कळले आहे.

आमचे हल्लीचे लेबल तीन ओळींचे आहे. पहिल्या ओळीत कापड कशाचे ते: सूत, रेशीम, पॉलिस्टर किंवा मिश्र. दुसऱ्या ओळीत माग: हातमाग, यंत्रमाग, किंवा कापड दुकानातून घेतले आहे. तिसऱ्या ओळीत शिवण: होटगी. 'अस्सल' हा शब्द काढून टाकला. खालू लेबल वाचतात, मग दोरा ओढतात, मग मान डोलावतात. काडी अजूनही त्यांच्या खिशात असते.

पुण्याच्या ताईंचा गेल्या महिन्यात फोन आला होता. घरात आणखी एक लग्न आहे. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "या वेळी माग पाहिलाय ना?" आम्ही म्हणालो, "पाहिलाय. पण तेवढ्या कापडात तीसच होतील." त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. अजून सांगितलेले नाही. भाभीने तीस बटव्यांच्या नाड्या मात्र ओवून ठेवल्या आहेत.